आठ मिनिटं

क्रीडा व्यवस्थापनाच्या एम.ए.साठी माझा प्रबंध आहे: भरलेलं स्टेडियम आठ मिनिटांत रिकामं कसं करायचं. फायनलच्या दिवशी आत गेटं मोजत फिरले, तर सातही गेटांना बाहेरून कुलपं. सातव्याच्या जाळीपलीकडे आमच्या शेजारच्या म्वान्साचे बाबा चाव्या घेऊन बसलेले.

“अहो म्वान्साचे बाबा, गेटं उघडी ठेवा ना.”

“म्हणजे फुकटे घुसायला मोकळे! तुझ्या पुस्तकात बरं असतं सगळं.”

“आणि आतल्यांवर पळायची वेळ आली तर? म्वान्सापण आत आहे.”

“फायनल सोडून कोण पळतंय, पोरी?”

चाव्या खिशात टाकून ते न्शिमा खायला निघाले. माझ्या मागे हजारो माणसं एकदम ओरडली.

“गोल झाला बघ!” ते हसले.

सामना सुरू व्हायला अजून वीस मिनिटं होती.