बाबांचा डावा पाय

गाडीखाली झोपलं की माणसं पायांवरूनच ओळखावी लागतात, आणि पाय तोंडाइतकं खोटं बोलत नाहीत. सुरभीला खालून भावाची, अंकुरची, मोजडी दिसत होती, लग्नातली, जरी अजून शाबूत असलेली. पलीकडे आईची जोडवी. आणि ओसरीच्या पायरीवर बाबांच्या चपला. त्यातली उजवी गप्प, डावी सारखी हलणारी.

"सुरभे, तिकडं गिअरबॉक्स चढला बी!" बाबा खुर्चीवरून ओरडले. त्यांचा एक डोळा आतल्या टीव्हीवर होता, दुसरा अंगणावर. टीव्हीत दर रविवारी एक माणूस गाडीखाली जायचा, जाहिराती लागायच्या, आणि तो हात पुसत बाहेर यायचा.

"चढला नाही, जाहिरातीत चढवला," सुरभी खालून म्हणाली. "माह्याकडं जाहिरात नाही."

बोली सगळ्यांसमोर झाली होती. दिवस बुडायच्या आत गाडी चालली तर ती सुरभीची. नाही चालली तर उद्या सकाळी उमरखेडचं गिऱ्हाईक येणार आणि ट्रॅक्टरला बांधून नेणार. दोन दारांची, दोन माणसांची, जमिनीला पोट टेकवून पळणारी लाल गाडी घाटंजीत शोभत नाही, असं बाबांचं म्हणणं. तिच्याखाली पोरगी झोपलेली त्याहून शोभत नाही, हे ते म्हणाले नव्हते. कुंपणावर बसलेली मंडळी त्यांच्या वतीनं म्हणत होती. सल्ल्यांची आवक आज जोरात होती. हात द्यायच्या नावानं मात्र पान कोरं.

सुरभीनं जुनी क्लचप्लेट काढली आणि बाहेर सरकवली. तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी काळी. वास अंगणभर झाला.

"बाप्पा! हे तं कोळसा झालं," अंकुर म्हणाला.

"विदेशी माल," बाबा म्हणाले. "कच्चाच असते."

मोजडी हळूच एक पाऊल मागे सरली. वरात अंकुरची होती. डीजेच्या मागं, मुंगीच्या चालीनं, मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत गाडी चालवायचा हट्ट बाबांचा होता, आणि त्या सबंध रस्त्यात त्यांनी क्लचवरचा डावा पाय उचलला नव्हता; प्लेट घासत घासत जळाली ती तिथंच. कुंपणावरच्या प्रत्येकानं ते पाहिलं होतं. आत्ता मात्र पायाचं नाव कोणी काढलं नाही.

नवी प्लेट अगदी मधोमध बसावी लागते. केसभर हलली तरी गिअरबॉक्सचा दांडा तिच्यातून जात नाही. टीव्हीतल्या माणसाकडे त्यासाठी चकचकीत हत्यार होतं.

आईची जोडवी जवळ आली. "काय पाह्यजे तुले?"

"गोल पाह्यजे. सरळ. टोकाकडं बारीक होत गेलेलं."

आई, म्हणजे बेबीताई, आत गेल्या आणि लाटणं घेऊन आल्या. सुरभीनं त्याच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली, घालून पाहिलं, अजून गुंडाळली. बसलं. प्लेट मधोमध.

"आता पोळ्याच लाट तिथं!" बाबा म्हणाले. कुंपण खदखदलं.

"लाटन ना," बेबीताई म्हणाल्या. "तुमी आज हॉटेलात जेवजा."

कुंपण पुन्हा हसलं. माणसं तीच होती, पण हसणं आता या बाजूला जमा झालं.

सुरभीनं प्लेट आवळली आणि लाटणं काढून घेतलं. राहिला गिअरबॉक्स. तो जॅकवर, पोत्याच्या गादीवर, नंदीसारखा बसून होता. "अंकुर, जॅकचा दांडा मार जरा," सुरभी म्हणाली. मोजडीची टोकं ओसरीकडे वळली, परवानगी मागत. ती मिळेपर्यंत जोडवी पोचली होती. बेबीताईंनी पदर खोचला आणि दांडा धरला.

"किती?"

"थोडं. अजून. थांब."

नाही गेला. गिअरबॉक्स खाली घेतला, पुन्हा चढवला. नाही गेला. आत टीव्हीवरची गाडी सुरू झाली, टाळ्या पडल्या, संगीत वाजलं. अंगणात एक कोंबडी तेवढी बोलली.

"झाली त्यायची," बाबा म्हणाले. "तू काहून जिवाले खाऊन राह्यली? दे सोडून."

"आई, अजून एक डाव. एकदम हळू."

खट्. गिअरबॉक्सचा दांडा प्लेटमधून सरकला तो थेट मुळापर्यंत. सुरभीनं चाचपडत पाना शोधला.

बोल्ट आवळून, टेकूचे ओंडके काढून गाडी खाली उतरली तेव्हा सूर्य तुरीच्या शेंड्यांना टेकला होता. सुरभी आत बसली. चावी फिरवली. पाय दाबला, गिअर टाकला, पाय उचलला. गाडी पुढं गेली, चार हात, मग सुरभीनं ब्रेक दाबला.

बाबा ओसरी उतरून खिडकीशी आले. तळहात पुढं केला. "अंगणात चालणं वेगळं. चावी दे. चढावर पाहू."

सुरभीचा हात चावीवरून हलला नाही. "पाहू ना. तिकडून बसा, बाबा."

बाबांनी कुंपणाकडे पाहिलं. कुंपण आभाळाकडे पाहत होतं. मग ते गाडीला वळसा घालून गेले आणि गुडघे छातीशी घेऊन डावीकडे बसले.

गावाबाहेरच्या चढावर कापसाची बैलबंडी रांगत होती. सुरभीनं वेग कमी केला, क्लच दाबला, गिअर उतरवला आणि पाय पुरता उचलून बाजूला ठेवला. गाडीनं चढ ओढला, एका दमात, कुठं घसरली नाही की कुठं वास आला नाही. बंडी मागं पडली.

तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून डावीकडे पाहिलं. बाबांचा डावा पाय खालची चटई जीव खाऊन दाबत होता.

"दाबा बाबा, मन भरून दाबा," सुरभी म्हणाली. "तिकडं काही जळत नाही."