समाधीवरची खुर्ची

आमच्या गावच्या मठात आधी गोसावी राहत. शेवटचे महंत वारल्यावर निजाम सरकारने तिथे शेतकऱ्यांकडून सक्तीने घेतलेली लेव्हीची ज्वारी भरली, नंतर पोलीस ठाणे आणले. महंतांच्या समाधीचा ओटा उंच आणि गार, म्हणून जमादारांनी त्यावरच खुर्ची मांडली.

माझी बायको धुरपता त्या ओट्यावर रोज दिवा लावायची. मरताना एवढंच म्हणाली, "तेवढा दिवा इझू देऊ नका." म्हणून मी रोज ठाण्यात जाऊन दिवा लावी आणि ओट्याला डोके टेकवी. तिथेच जमादारांचे पाय असत.

"लिंबाजी बडा अदबवाला आदमी है," ते शिपायांना सांगत. दिव्याला त्यांनी तीन वर्षांत कधी मनाई केली नाही.

मग निजामाचे राज्य गेले. ठाण्याची कचेरी झाली आणि त्याच ओट्यावर खादीतले साहेब बसले. मी डोके टेकवताच त्यांनी मला धरून उठवले.

"बाबा, आता आपलं राज्य आलंय. साहेबाच्या पाया पडायचं नाही."

"तुमच्या न्हाई पडलो, साहेब. खाली महंताची समाधी हाय."

साहेबांचा चेहरा उतरला. ते शिपायाकडे वळून म्हणाले, "उद्यापासून कचेरीत दिवाबिवा चालणार नाही."