कोरडी मोरी

सासूबाईंच्या खोलीतल्या बाथरूममध्ये पुन्हा गटाराचा वास सुटला होता. सोडा झाला, व्हिनेगर झालं, उकळतं पाणी झालं. ओतलं की चार दिवस बरं, मग परत तेच. शेवटी वैतागून मी मोरीची जाळी उचलली आणि आत बॅटरी मारली. तळाशी थोडं पाणी कायम साचलेलं असावं लागतं, तेच गटाराचा वास अडवतं. इथे सगळं कोरडंठाक होतं.

मी विचारलं, "आई, तुम्ही अंघोळ कुठे करता?"

त्या ओशाळल्या. "बाहेरच्या बाथरूममध्ये. तुम्ही सगळे उठायच्या आत उरकून घेते. जावयाच्या घरी एकट्या बाईला वेगळं बाथरूम कशाला?"

सासरे गेल्यावर आम्ही त्यांना इथे आणलं, त्याला वर्ष होत आलं होतं. त्यांची साबणाची डबी मात्र अजून गावाहून आणलेल्या पिशवीतच होती.

"यावर उपाय एकच," मी म्हणालो. "रोज इथे बादलीभर पाणी पडलं पाहिजे."

"एवढंच ना? ओतेन की."

"नुसतं ओतून भागत नाही. अंघोळीचंच लागतं," मी ठोकून दिलं.

वास गेला. आज सकाळी मी बाल्कनी धूत होतो, तेवढ्यात आतून सासूबाईंचा चांगलाच चढलेला आवाज आला, "माझ्या बाथरूममधली बादली कोणी नेली?"

बादली माझ्याच हातात होती. मी बाल्कनी धूतच राहिलो. म्हटलं, आणखी एकदा विचारू देत.