आडवी सरकणारी बोट

नदीच्या धक्क्याला आमची बोट लावताना सुकाणू ह्यांच्या हातात असायचं आणि दोर घेऊन उडी मारायची मी. त्या उड्यांपायी गुडघा कामातून गेला आणि सगळा हंगाम मी घरी बसून काढला. "तुझ्यासाठीच पुढे-मागे थ्रस्टर बसवून घेतलेत," हे म्हणाले, तेव्हा मला भरूनच आलं.

आज ह्यांना न सांगता बोटीवर गेले. मेकॅनिकने दाखवलं, एका बटणाने पुढचा थ्रस्टर फिरून बोटीचं पुढचं टोक बाजूला सरकतं, दुसऱ्याने मागचं. दोन्ही एकदम दाबली की अख्खी बोट आडवी सरकत अलगद धक्क्याला टेकते.

"मला जमेल का हो?"

"न जमायला काय झालं? साहेबांच्या मिसेस तर हंगामभर एकट्याच लावत होत्या," तो कौतुकाने म्हणाला.

 

मग माझ्याकडे बघत त्याने विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"