उघडं पाऊल

तीस खुर्च्यांची खोली, तिलाच नाट्यगृह म्हणायचं. पहिल्या रांगेतल्यांचे गुडघे थेट पलंगाला टेकायचे. शेवटच्या प्रवेशात बायको झालेली ती नटी त्या पलंगावर मरून पडली. नवरा झालेल्या नटाने तिचा हात दोन्ही हातांत धरला, आणि तेवढ्यात तिच्या उघड्या पावलावर कुणीतरी हळूच पांघरूण सारखं केलं. नटाचे दोन्ही हात तर इथे, मग हे कोण? डोळे उघडून बघायची मेलेल्याला कुठली सोय!

नाटक संपल्यावर ती झापायच्याच तयारीत होती. पहिल्या रांगेतले आजोबा स्वतःच पुढे आले.

"चुकलं माझं, पोरी. राहवलं नाही."

"अहो आजोबा, दचकून जिवंतच होणार होते मी!"

"आमची ही गेली, तेव्हा मी दवाखान्यात खाली औषधांच्या रांगेत उभा होतो," आजोबांनी हात जोडले. "आज तुझ्यामुळे वेळेवर पोचलो."