कॅनडाची आत्याबाई

हौसाक्काची पोरगी पोह्यांच्या बशा घेऊन बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं आली, आन् नेमकी तवाच दारात टॅक्सी थांबली. आतनं उतरली एक गोरी म्हातारी, हातात जुना फोटो.

ड्रायव्हर म्हणाला, "ह्या बाईंचं घराणं स्कॉटलंडातनं कॅनडाला गेलं. पणजोबाचा भाऊ मात्र पाचगणीला आला आन् इथल्याच बाईशी संसार मांडून बसला. त्याची पतवंडं शोधत्यात."

फोटोतल्या साहेबाचे घारे डोळे पोरीच्या तोंडावर उचलून बसवल्यागत दिसत होते. हौसाक्काला वाटलं, जमत आलेली सोयरीक आता मोडणार!

"आमच्यात असलं काय झालं न्हाई," ती कडाडली. "आमचं घराणं अस्सल हाय. पोरीचे डोळे देवीच्या कृपेचे!"

म्हातारी हिरमुसून टॅक्सीत बसली.

मुलाचा बाप चुकचुकला. "नातं निघालं असतं तर बरं झालं असतं, विहीणबाई. आमच्या पोराला कॅनडालाच जायचंय. तिकडं हक्काचं माणूस लागतंय."

टॅक्सी हलली. हौसाक्का पदर खोचून अनवाणीच मागं पळत सुटली.

"अवो आत्याबाई, थांबा! पोरीचे डोळे तरी बघून जावा, आपल्याच घराण्याचे हायती!"