लेखी उत्तर

मंत्र्यांनी विधानसभेत मी लिहिलेलं उत्तर वाचलं, ‘वेस्ट मांबलम भागाला टँकरनं येणारं पाणी पिण्यायोग्य आहे.’ ते गेल्या अधिवेशनातलंच. मी फक्त तारीख बदललेली. प्रयोगशाळेचा अहवाल त्या सकाळी आला, तेव्हा उत्तरं छापून झाली होती. पाण्यात मैला सापडला होता, तरी तो कागद माझ्या खिशातच राहिला. विरोधी बाकावरच्या बाईंनी बाटली मंत्र्यांपुढे ठेवली. ‘हे आमच्या टँकरचं पाणी, सार. पिऊन दाखवा.’ मंत्री टाळतील वाटलं. त्यांनी बूच उघडलं, अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं. ‘आमच्या माणसानं लेखी दिलंय.’ गॅलरीतून फक्त चिठ्ठ्या पाठवायच्या, बोलायचं नाही. बाटली ओठांपर्यंत गेली आणि वीस वर्षं तमिळच बोलणारा मी मराठीत ओरडलो, ‘पिऊ नका!’ शब्द कुणालाच कळले नाहीत, अर्थ मात्र सगळ्यांना कळला; मंत्र्यांनी बाटली खाली ठेवली. बाईंनी वर माझ्याकडे बघत विचारलं, ‘आणि आमच्या पोरांनी?’